केळीचा रोट आणि नथ्थूचं तोंड

मथुरा, तुला फसवलं ते नथ्थूने, तुझ्या धाकट्या दिराने. मारलं थोरल्या हिरामणने. गावात आणि शहाद्याच्या बाजारात लोक या दोन गोष्टी एकात एक कालवून बोलतात, आणि कालवल्या की दोन्ही पातळ होतात. म्हणून मी त्या आधीच वेगळ्या करून ठेवते.

तुला नेलं त्या दिवसापासून माझ्या दारात बाया येऊन बसतात. "सगुणाबाई, आते सोडी दे. गयेल माणूसमांगे वाईट बोलानं नही." मी त्यांना सांगते, गेलेल्या माणसाबद्दल मी अक्षर काढत नाही. जो गेलेला नाही, जो दोन्ही वेळ पोटभर जेवतो आहे, त्याच्याबद्दल बोलते. काल एकजण म्हणाली, "तिनं नशीबच तसं व्हतं." तिच्या अंगावर मी पाण्याची बादली फेकली. पाणी आणि बादली, दोन्ही. नशिबाने कधी कुणाच्या छातीवर हात ठेवून ढकललेलं मी तरी पाहिलेलं नाही.

तू असतीस तर म्हणाली असतीस, सगुणा, तुझं डोकं म्हणजे कापसाच्या पऱ्हाटीचा जाळ, भडकतो आणि मरतो. या वेळी मरणार नाही. या वेळी बाभळीची लाकडं घातली आहेत.

आपली ओळखच मारामारीने झाली. नवऱ्याने मला टाकलं तेव्हा माझ्याजवळ एक टोपली होती आणि एक जीभ. त्या दोघींवर मी धंदा उभा केला. तापीकाठच्या मळ्यांतली हिरवी केळी नंदुरबारच्या स्टेशनावर वॅगनमध्ये चढायची. जी झाडावरच पिकली, फुटली, वॅगनवाल्याने नाकारली, ती मी उचलायची आणि लाकडाच्या लॉरीवर बसून घाट चढून धडगावच्या बाजारात विकायची. तुमच्या मळ्यात पहिल्यांदा आले तेव्हा पडवीत पिवळेजर्द, काळे ठिपके पडलेले घड टांगलेले पाहिले आणि सरळ हात घातला.

"त्या इकाना नहीत," तू आतून म्हणालीस.

"मग काय पूजाना शेतस? माश्या बसी ऱ्हायन्या त्यास्वर."

"बसू दे. तुन्हा बापना मळा शे का?"

माझ्या बापाचं नाव निघालं की मला पुढचं दिसत नाही, हे तुला तेव्हा माहीत नव्हतं. मी घड ओढला. तू एक फणी तोडून माझ्या तोंडावर मारलीस. पिकलेल्या केळ्याचा मार म्हणजे काय, तर लागत नाही पण अपमान अंगभर चिकटतो. मी तुझी वेणी धरली. तू माझ्या मनगटाला चावलीस. विधवा बाई, डोक्यावरचा पदर खाली, आणि दात माझ्या मनगटात. आणि तेवढ्यात तू थांबलीस, नाक वर केलंस, "थांब वं, जळी जाई!" म्हणत मला तशीच सोडून परसात पळालीस.

मी मागे गेले. मारायलाच गेले होते. परसात रॉकेलचा डबा आडवा करून मातीत पुरलेला, वरून शेणमातीचा जाड लेप, तोंडाला पत्रा, पत्र्यावर निखारे. तू पत्रा काढलास आणि आतून जो वास माझ्या तोंडावर आला, तसली थप्पड मला नवऱ्यानेही मारली नव्हती. गूळ करपत आलेला, तूप, बडीशेप, आणि केळं. पण केळं आता केळं राहिलं नव्हतं, आगीतून जाऊन दुसरंच काही होऊन आलं होतं. वरून तांबूस काळी फुटलेली साल, आत ओलसर, दाट, मधासारखं. तू तुकडा तोडलास, माझ्या हातावर ठेवलास आणि म्हणालीस, "खाय. मंग मारजो."

त्यानंतर मी तुला पुष्कळदा मारायला उठले, पण तो पहिला राग मी खाऊन टाकला.

तुझ्यासारखं कुणी केळी कुस्करताना मी पाहिलं नाही. काथवटीत सोललेली केळी टाकायची आणि मुठीने बुकलायची. प्रत्येक केळ्याला घरातल्या एकाचं नाव. "हाऊ हिरामण," म्हणायचीस, आणि फच्च. "ही सासू." फच्च. "हाऊ वॅगनवाला." मग जाडसर दळलेले गहू, आंबट ताक, गुळाचं पाणी, चिमूटभर सोडा. सोडा ताकाला लागला की पीठ फसफसून उठायचं आणि तू त्याला दम द्यायचीस, "बस, बस, इतला उड्या मारू नको." तू नवरा गेल्यापासून ज्या घरात मोठ्याने बोलली नव्हतीस, त्याच घराच्या परसात दुपारी तुझ्या मुठी अशा चालायच्या. सगळ्यांचं खिमट व्हायचं. नथ्थूचं मात्र कधी झालं नाही. त्याच्या नावाचं केळं तू कधी फोडलं नाहीस.

कारण तो तुझ्या रोटाचं पहिलं गिऱ्हाईक होता. डब्याचा पत्रा निघायच्या आधी तो परसात हजर. "वहिनी, कडक कोर माले. कोर मन्ही शे." आणि तू तव्यासारखी तापलेली कडा पदराने धरून तोडून द्यायचीस. तोंड भाजलं तरी तो खायचा, हा हा करत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी म्हणायचे, या माणसाची जीभ भाजते पण हात मागे येत नाही, याच्यापासून जपून राहा. तू म्हणायचीस, तुला सगळीकडे बाजारच दिसतो.

हो, दिसतो. म्हणून मी अजून जिवंत आहे.

हिवाळ्यात गाजरं. तू किसायचीस आणि दर वेळी बोटाची सालपटं काढून घ्यायचीस. मी ओरडले की म्हणायचीस, थोडं रगत गेलं की रंग येस. दुधी किसून त्याची मान पिळावी तसा पिळायचीस आणि ते पाणी फेकायची नाहीस, त्यातच पीठ भिजवायचीस. वर तीळ, मोहरीची फोडणी, हिरवी मिरची ठेचलेली. तो तिखट रोट थंड झाल्यावर जास्त चांगला लागायचा, आणि आपण त्याला थंड होऊ दिलं असं फारसं घडलं नाही. पपई एकदा घातलीस तेव्हा आतून कडू निघाली. तू तो अख्खा गोळा उचलून कुंपणापलीकडे भिरकावलास, आणि पलीकडून कुणाचं तरी कोकलणं ऐकू आलं. आपण दोघी पोटं धरून चुलीमागे बसलो. तसं हसणं मला पुन्हा येईल का, ठाऊक नाही.

गंगाफळावरून, म्हणजे लाल भोपळ्यावरून, आपलं भांडण मिटलंच नाही. तू ते पायरीच्या दगडावर आपटून फोडायचीस, विळी लावायची नाहीस. म्हणायचीस, विळीने कापलं की ते घाबरतं आणि पाणी सोडतं. मग कच्चंच किसून घालायचीस. मी म्हणायचे आधी वाफवून घे, पीठ कमी लागेल. तू म्हणायचीस, वाफवलं की ते मेलेलं असतं, मेलेलं दोनदा भाजण्यात काय अर्थ. एकदा या भांडणात तू माझ्यावर पळी उगारलीस आणि मी तुझा किसलेला कीस अंगणात ओतला, कोंबड्यांनी खाल्ला. चार दिवस बोललो नाही. पाचव्या दिवशी तू वाफवलेल्याचा केलास आणि तो गच्च, बसका, चिकट झाला. तू ताट फक्त माझ्यापुढे सरकवलंस. पाणचट गंगाफळ होतं म्हणून तसं झालं, हे मी तेव्हाही म्हणाले आणि आताही म्हणते. चांगलं लाल गंगाफळ वाफवलं असतं तर मी जिंकले असते.

आणि दुसरं भांडण, विकण्याचं. धडगावला मी तुला एकदा घेऊन गेले, माहेरी जाते असं सांगून तू आलीस. मी टोपलीत रोटाच्या जाड कापा लावल्या होत्या. म्हटलं, आज बघ, हातोहात जातील. पहिली एक पावरा आदिवासी बाई आली, कमरेला पोर, हातात द्रोणभर चारोळी. तिने वास घेतला. मी भाव सांगायला तोंड उघडलं, तोवर तू काप उचलून तिच्या हातात दिलीस. तिने खाल्लं, हसली, आपल्या बोलीत काहीतरी म्हणाली, द्रोण तुझ्या ओटीत ओतला आणि खुणेने दाखवलं, पळसाची पानं, वर पान, खाली पान, मध्ये पीठ, आणि निखाऱ्यात. त्या दिवसापासून तुझ्या डब्यात पळसाची पानं अंथरली जाऊ लागली आणि रोटाचा तळ करपायचा थांबला. माझ्या टोपलीतलं मात्र सगळं तू असंच वाटून टाकलंस. लॉरीत मी तुझ्यावर घाट संपेपर्यंत ओरडत होते.

"भाकर कोनी इकस का?" तू म्हणालीस.

"दुनिया इकस!"

"दुनियाले इकू दे. आग लायी मी, पीठ मन्हं, हात मन्हा. ज्याले देनं शे त्याले देसू."

मी अजून म्हणते, विकले असते तर तुझ्या हातात तुझं काही राहिलं असतं. पण तुझं ते वाक्य मला रोज ऐकू येतं, आणि आता त्याला उत्तर द्यायला गेले तर समोर कुणी नसतं.

आता रोटाचं सांगते. खानदेशाबाहेरचं कुणी हे वाचत असेल तर त्याला कळायला हवं. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. तिच्यासाठी घरातल्या पुरुषांच्या नावाने गव्हाच्या मुठी काढतात, दळतात, त्या पिठाचे रोट करतात. ते रोट त्या घराने आणि भाऊबंदांनीच खायचे. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही द्यायचे नाहीत. उरलेलं पीठसुद्धा पुनवेच्या आत घरच्यांनीच संपवायचं. परक्याच्या तोंडात तुकडा गेला तर देवी पाठ फिरवते, असं मानतात. मीही मानते. माझ्या घरच्या कानबाईचा रोट मी तुला कधी दिला नाही आणि तू मला तुझा दिला नाहीस. त्याबद्दल आपल्यात शब्दही झाला नाही, इतकं ते उघड होतं.

पण तू तुझ्या केळीच्या भाजणीला रोटच म्हणायचीस. दुसरा शब्द कुठून आणणार? भाकरी म्हणावी तर जाड, बट्टी म्हणावी तर मऊ. शहरात पाव म्हणाले असते. तुझ्या तोंडात बसला तो रोट. केळीना रोट, गंगाफळना रोट, दुधीना रोट. वर्षभर त्या शब्दाने कुणाचं काही बिघडलं नाही.

त्या श्रावणात कानबाई उठली होती, नदीवर पोचली होती, पुनव अजून यायची होती. दमट हवेत तुझे घड एकदम पिकले. केळं काही पुनवेसाठी थांबत नाही. तू घरच्या रोजच्या पिठाचा रोट केलास, अर्धा नथ्थूने परसात उभ्याउभ्या खाल्ला, अर्धा तू फडक्यात बांधून ठेवलास. मी माल उचलायला आले तेव्हा ओट्यावरून हाक मारलीस, "सगुणा, ये वं! तुन्हाकरता रोट ठेयेल शे!"

फक्त रोट. केळीना म्हणाली नाहीस. एका शब्दाची काटकसर केलीस, मथुरा, आणि ती सुद्धा त्या दिवसांत.

हिरामण गोठ्यात होता. तो आला तेव्हा शेवटचा घास माझ्या तोंडात होता आणि फडकं रिकामं होतं.

"काय दिन्हं तू तिले?"

"रोट," तू म्हणालीस. तुझ्या मनात पापच नव्हतं, त्यामुळे तुला ऐकूही आलं नाही आपण काय बोललो ते.

"कानबाईना रोट? या बाजारनी कुत्रीले?"

मग तुला कळलं. ज्या जेठापुढे तू जन्मात तोंड उघडलं नव्हतंस, त्याच्यापुढे ओरडलीस, "केळीना शे! केळीना!" तोवर त्याची लाथ तुझ्या बरगडीत बसली होती. तो परसात धावला, पहार उचलली आणि तुझी भट्टी फोडली. एका घावात लेप फुटला, दुसऱ्यात डबा आत गेला, निखारे अंगणभर उधळले. तू ते हातांनी गोळा करायला गेलीस, काय वाचवत होतीस देव जाणे. त्याने पेटती पऱ्हाटी उचलून तुझ्या दंडावर ओढली. चामडीचा वास सुटला. जिथे रोज गूळ आणि बडीशेप दरवळायची तिथे तो वास.

माझ्या हातात तराजूची पाचशेरी होती. मी ती त्याच्या कपाळावर मारली. मेला नाही, एवढंच. डोळे रक्ताने भरले तेव्हा तो बसला. लोक म्हणतात, तू मारलं नसतंस तर प्रकरण वाढलं नसतं. मी म्हणते, मारलं नसतं तर तुला त्याने त्याच निखाऱ्यांत घातलं असतं. आज पुन्हा पाचशेरी हातात आली तर नेम आणखी नीट धरीन.

भाऊबंद जमले. केळीचा म्हणून दाखवायला तुकडाही उरला नव्हता. तुझा शब्द कुणी धरला नाही, माझा तर कोण धरणार, मी खाणारी. एक म्हातारा म्हणाला, "घरमा आजून कोनी देखं का?" तू नथ्थूकडे पाहिलंस. मी पण पाहिलं. त्याच्या मिशीला अजून तूप होतं, मथुरा. चमकत होतं.

"नथ्थू, पीठ कोणतं व्हतं?" म्हाताऱ्याने विचारलं.

तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाला, "माले काय माहीत? पीठवर काय नाव लिखेल ऱ्हास?"

त्याच दिवशी तुला बाहेर काढलं. कानबाईच्या घरात पुन्हा पाऊल नाही, असं सांगून.

तू माझ्याकडे लोणखेड्याला आलीस. मी तुझ्यासाठी नवा डबा आणला, परसात भट्टी बांधली. दंडावरची जखम भरली, पण केळी कुस्करताना तू नावं घेणं सोडून दिलंस. मला ते सहन होत नव्हतं. "मार ना त्यास्ले," मी म्हणायचे, "नथ्थूपासून सुरू कर." तू पुढचं केळं सोलायला घ्यायचीस. रोट मात्र तसाच व्हायचा, काही वेळा आधीपेक्षा चांगला. त्याचा मला राग यायचा. एवढं सोसल्यावर निदान रोट तरी बिघडावा की नाही? पण तू पत्रा उचलायचीस आणि तुझ्या तोंडावर तांबूस उजेड पडायचा, आणि तेवढा वेळ तुझं कुणी काही बिघडवलेलं नसायचं. हे मी शेजारी बसून पाहिलं आहे. माझ्या आयुष्यात मी जे जे मिळवलं ते हिसकावून मिळवलं; न हिसकावता मिळालेलं तेवढंच एक, तुझ्या भट्टीशेजारी बसणं.

मग नथ्थू आला. एकटा. गंगाफळाचा रोट नुकता निघाला होता, आणि देवाशपथ, त्याने सवयीने कडाच मागितली. तू दिलीस! मी काथवट उचलली होती, तू माझा हात धरलास. तो खाऊन झाल्यावर म्हणाला की तालुक्याला वकील सांगतो, आता नवा कायदा झाला, विधवेचा हिस्सा विधवेचाच. "वहिनी, मळावरथून तुन्हं नाव सोडी दे. मी कानबाईसमोर, भाऊबंदसमोर सांगसू, पीठ घरनं व्हतं, रोट केळीना व्हता, मी सोता खाधा. तुले घरमा लेतीन."

मी आयुष्यभर सौदे केले आहेत. म्हटलं, आधी त्याने बोलायचं, मग अंगठा. माल हातात आल्याशिवाय टोपली सोडायची नाही, हे धडगावच्या बाजारातलं पोरही सांगेल. मी किंचाळले, तुझे खांदे धरून गदागदा हलवलं. तू म्हणालीस, "सगुणा, मळा तठेच ऱ्हाई. माले मन्ही कानबाई पाहिजे." मी म्हटलं, कानबाई या नथ्थूच्या खिशात आहे का? तू म्हणालीस, "त्याना तोंडमा शे."

तू अंगठा दिलास. आजही मला वाटतं की त्या वेळी तुझा अंगठा मोडून टाकायला हवा होता. मोडलेली हाडं जुळतात.

तो बोलला नाही. त्या श्रावणात म्हणाला, हिरामणचं डोकं तापलेलं आहे, पुढल्या साली. पुढल्या साली म्हणाला, घरात लग्न आहे, त्याच्या पुढल्या साली. तू दर श्रावणात लुगडं धुऊन तयार बसायचीस. मी बोलले की रागवायचीस माझ्यावर, त्याच्यावर नाही. यावरून आपण किती भांडलो! या वर्षी तर मी म्हटलं, तू मूर्ख आहेस, आणि तू ताटातला रोट उचलून माझ्या छातीवर फेकलास, आणि उठून चालू लागलीस. कानबाई नदीवर निघायचा दिवस होता. मी मागे धावले.

घाटावर बायांच्या डोक्यावर कानबाई, गाणी, गर्दी, पावसाने निसरडे झालेले दगड. तू गर्दी कापत सरळ नथ्थूपुढे उभी राहिलीस. पदर डोक्यावर, आवाज स्वच्छ. गाणी थांबली. तू म्हणालीस, "नथ्थूभाऊ, आते सांग. कानबाई समोर शे. मी काय दिन्हं व्हतं सगुणाले?"

त्याने मान फिरवली. बोलला नाही, नाहीही म्हणाला नाही. मान फिरवली आणि पाण्याकडे पाहत राहिला. तू त्याचा सदरा धरलास. तेव्हा हिरामण आला आणि त्याने दोन्ही हातांनी तुला छातीवर ढकललं. तुझं डोकं दगडाच्या कडेवर आदळलं. तो आवाज मी ओळखला. पायरीवर गंगाफळ फुटतं तेव्हा असाच आवाज यायचा. मी हे लिहू नये असं बायांना वाटतं. मी लिहिणार.

हिरामणचं मी चौकीत सांगून आले आहे. त्याचं तिथे काय व्हायचं ते होईल, आणि झालं नाही तर पाचशेरी घरातच आहे. तो बैल आहे, शिंगं खाली घातली की समोर येईल त्याला उडवतो. त्याने तुला कधी गोड शब्द दिला नव्हता, म्हणून त्याने तुला फसवलंही नाही. पण तुझी तिरडी माझ्या दारातून उचलायला कोण आलं? नथ्थू. डोळे पुसत. आग देणारा मी, म्हणाला, मी तिचा दीर. मी दारात आडवी पडले. चौघांनी मला हातापायांना धरून बाजूला केलं, एकाच्या कानाचा तुकडा माझ्या दातांत राहिला. मग तो आग द्यायला गेला. जिवंत असताना जिला घरात घेतलं नाही, तिला मेल्यावर घरचं माणूस म्हणून जाळून आला, आणि आता दहाव्याला मुंडन करून भाऊबंदांच्या पंगतीत बसणार आहे.

मथुरा, तू आता बाजूला हो. तुझ्यासमोर मला नेहमी हात आवरावा लागला. आता मला त्याच्याशी बोलायचं आहे.

नथ्थू, तुला वाचता येतं, आणि येत नसेल तर कुणीतरी वाचून दाखवेल. मळा तू घेतलास. नाव लागलं, केळी उभी आहेत, मी रस्त्यावरून पाहिली. तिची बाजू तिने पुरी केली, अंगठ्यासकट, आणि वर जीव दिला. तुझी बाजू राहिली आहे. बाजारात आम्ही माल उचलून दाम बुडवणाऱ्याला चौकात उभा करतो, मग तो कुणाचाही दीर असो. दहाव्याला नदीवर सगळे भाऊबंद येतील. मीही येईन, मला अडवायला या वेळी चौघे पुरणार नाहीत. पाण्यात उतरायच्या आधी, न्हाव्याने डोक्याला वस्तरा लावायच्या आधी, तू त्या लोकांकडे तोंड करून उभा राहा. पाण्याकडे नाही, लोकांकडे. आणि सांग, तू त्या दिवशी परसात उभ्याने काय खाल्लं होतंस.